कॅलिफोर्नियात पोरीचा हात मोडला तर बिल कोण भरणार?

भाऊ, तुम्ही विचारलंत: जूनमध्ये नागपूरहून सॅन होजेला येतोय, मुलगी फुटबॉल खेळते, तिथे हाड मोडलं तर लाखोंचं बिल येतं म्हणे, मग शाळेवर किंवा क्लबवर केस करून पैसे वसूल होतात का? होतात, पण क्वचित. बहुतेकांचे पैसे कोर्टाच्या कितीतरी आधी सुटतात, फक्त कागदांचा कंटाळा करून चालत नाही.

नागपूरच्या धंतोलीत प्लास्टर घातलं की काउंटरवर पैसे मोजायचे, विषय संपला. इथे तिथूनच सुरू होतो. इमर्जन्सीचं वेगळं बिल, एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरचं वेगळं, हाडांच्या डॉक्टरचं आणखी वेगळं. पहिलं पाकीट आलं की लगेच कार्ड काढू नका. विमा कंपनीचा हिशेबाचा कागद येतो, त्याला सगळे ईओबी म्हणतात. त्यावरच लिहिलेलं असतं की हे बिल नाही. त्यात तुमच्या वाट्याला दाखवलेला आकडा हॉस्पिटलच्या बिलाशी जुळला तरच भरा. आणि इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरचा, म्हणजे तुमच्या विमा कंपनीशी करार नसलेला डॉक्टर होता म्हणून जादा पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा, २०२२ पासून अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यानेच त्याला मनाई आहे.

यानंतर डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला आपण भरायची रक्कम) आणि को-पे (प्रत्येक उपचारामागे आपला ठरलेला वाटा) उरतं. ते शाळेच्या किंवा लीगच्या अपघात विम्यातून मागायचं. ही पॉलिसी बहुधा दुय्यम असते, म्हणजे तुमच्या विम्याने दिल्यावर उरलेलंच देते. कोणी आपणहून सांगत नाही. आमच्या पोराचं कॉलरबोन मोडलं तेव्हा क्लबच्या मॅनेजरलाच अशी पॉलिसी आहे हे ठाऊक नव्हतं. लीगच्या ऑफिसला मेल टाकल्यावर फॉर्म आला. त्याला ईओबी आणि उपचारांची बाबवार यादी असलेलं बिल लागतं, नुसती 'बाकी इतकी' असलेली चिठ्ठी चालत नाही. शिवाय कोचने त्याच दिवशी लिहिलेला अपघाताचा रिपोर्ट. तो मैदान सोडायच्या आधी मागून घ्या. मुदत प्रत्येक पॉलिसीची निराळी.

आता केस. खेळात लागणारच, हे खेळाडूने पत्करलेलं असतं, असं कॅलिफोर्नियाचं सुप्रीम कोर्ट १९९२ पासून धरून आहे. २००३ मध्ये उथळ पाण्यात सूर मारताना मान मोडलेल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात कोर्टाने सांगितलं की कोच जबाबदार ठरायला त्याने मुद्दाम किंवा अगदी बेपर्वाईने वागलेलं असावं लागतं. नुसता कडक सराव पुरत नाही. पण डोक्याला मार लागल्याचा संशय असताना मुलीला त्याच दिवशी परत खेळवलं, तर बोलायला जागा आहे, कारण डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय परत खेळवायला कायद्याने बंदी आहे. नोंदणीच्या वेळी तुम्ही सही केलेलं माफीपत्र साध्या निष्काळजीपणाला झाकतं, घोर निष्काळजीपणाला नाही.

खरी गोम तारखांत आहे. खाजगी क्लबवर दावा करायला दोन वर्षं. मुलीची मुदत ती अठरा वर्षांची होईपर्यंत थांबते, पण उपचाराच्या खर्चाचा दावा आई-बापाचा, तो थांबत नाही. सरकारी शाळा किंवा नगरपालिकेचं मैदान असेल तर कोर्टाआधी त्यांच्याकडे लेखी क्लेम टाकावा लागतो, आणि तोही सहा महिन्यांत. 'आधी बरी तर होऊ दे' म्हणता म्हणता ते निघून जातात.

वकील जिंकल्यावरच हिस्सा घेतो, म्हणून साध्या फ्रॅक्चरला तो सहसा हात लावत नाही. रक्कम १२,५०० डॉलरच्या आत असेल तर स्मॉल क्लेम्स कोर्टात वकिलाविना जाता येतं. तडजोड झाली तर मुलीच्या वाट्याच्या रकमेला न्यायाधीशाची मंजुरी लागते, आणि तुमची विमा कंपनीही आपण दिलेले पैसे त्यातून परत मागू शकते. हे आधीच गृहीत धरा बाप्पा, नाहीतर हातात किती येणार याचा हिशेब चुकतो.

निघायच्या आधी एकच काम करा. कंपनीच्या एचआरला विचारा की घरच्यांचा विमा नेमका कोणत्या तारखेपासून लागू होतो. ९० दिवसांपर्यंत थांबवायची त्यांना मुभा असते. भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यावर भिस्त ठेवू नका, बऱ्याच पॉलिसींत क्लबचे सामने वगळलेले असतात. विमा लागेपर्यंत पोरीला सरावाला पाठवू नका. रुसली तर रुसू द्या.