लहान भावाला रक्ताचा कर्करोग झालाय, ५ वर्षांच्या मोठ्या बहिणीला सांगावं का?

सांगा, आणि आजाराचं नाव घेऊनच सांगा. लपवून भागणार नाही. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचे उपचारच २ ते ३ वर्षं चालतात. या वयात मुलांना बरेचदा वाटतं, की मी त्याला ढकललं, त्याच्यावर चिडले, म्हणून तो आजारी पडला. आणि हे ती बोलून दाखवेलच असं नाही. तिने विचारायची वाट न बघता स्पष्ट सांगा: तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही, आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. केमोथेरपीने त्याचे केस गळतील, तेही आधीच सांगून ठेवा. ‘तो बरा होईल ना?’ असं विचारलं तर वचन देऊ नका, डॉक्टर काय करताहेत ते सांगा. आणि रोज थोडा वेळ तरी तुमच्यापैकी एकाने फक्त तिच्याजवळ बसा, फोन बाजूला ठेवून.