अरुंद घळीत फोटो काढताना उजेड कसा सांभाळायचा?

अ‍ॅरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यन या वालुकाश्माच्या अरुंद घळीत जायच्या आधी मराठवाड्यात सराव कुठे करावा, असं विचारलंय. वेरूळचं १६ नंबरचं लेणं गाठा. तिथलं कैलास मंदिर आणि मागचा कडा यांच्यामधला बोळ म्हणजे जवळपास घळच! फ्रेममध्ये आभाळ अजिबात घेऊ नका. ते पांढरंफटक पडतं नि भिंती काळ्याठिक्कर. उन्हातली भिंतही सोडा, तिच्यावरून परतून समोर आलेला मऊ उजेड टिपा. तिकडचा वालुकाश्म केशरी उजेड परतवतो, आपला बेसाल्ट तो गिळतो, म्हणून इथे शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागेल. तिकडे व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोतले रंग जुळवणारं कॅमेऱ्याचं सेटिंग) ऑटोवर नको, केशरी रंग मरतो. फ्लॅश तर कुठेच नको. वेरुळात ट्रायपॉडला परवानगी लागते. आणि हो, मंगळवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.