प्रश्नोत्तरे : संघटना पाठीशी आहे, पण तारीख तुम्ही सांभाळायची

खासगी शाळांमधल्या शिक्षकांच्या सेवाविषयक तक्रारी मी बरीच वर्षं संघटनेसाठी पाहते आहे. जून लागला की तेच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत येतात. प्रश्न साधे असतात. पण विचारायला झालेल्या उशिरामुळे उत्तरं अवघड होऊन बसतात. म्हणून या वेळी निवडक पत्रांना एकत्र उत्तर देते आहे. नावं आणि गावं गाळली आहेत.

प्रश्न : मी आजवर कुठल्याच संघटनेचा सभासद नव्हतो. आता संस्थाचालकांशी वाद सुरू झाला आहे. लगेच वर्गणी भरली तर मदत मिळेल का?

सल्ला मिळेल. खटल्याचा खर्च मिळेल की नाही, हे त्या संघटनेच्या घटनेवर अवलंबून आहे. आधीच सुरू झालेल्या वादाला निधीतून पैसे द्यायचे नाहीत, असा नियम काही ठिकाणी असतो. वर्गणी भरण्याआधी घटनेची प्रत मागून वाचा, आणि भरल्यावर पावती घ्या.

प्रश्न : वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीचं प्रशिक्षण संघटनेमार्फत होतं का?

नाही. ते राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद घेते. १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ, २४ वर्षांनंतर निवड श्रेणी. नोंदणी सुरू झाल्याचं संघटना तुम्हाला कळवू शकते, पण अर्ज तुम्हीच भरायचा.

प्रश्न : ३० एप्रिलला मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावून सेवासमाप्तीचं पत्र हातात दिलं. तालुक्याचे पदाधिकारी म्हणाले, "अध्यक्षांशी बोलणी चालू आहेत, शाळा उघडली की रुजू करून घेतील. आत्ता कोर्टात गेलात तर संबंध बिघडतील." आज १० जून. शाळेत गेले तर मस्टरवर माझं नावच नाही. बाई, आता काय करू?

आज वकील गाठा. या पत्राचं उत्तर वाचून होईपर्यंतही थांबू नका.

आता बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण असं पत्र मला दर वर्षी येतं. महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे, ज्याला आपण सगळे इंग्रजी आद्याक्षरांवरून मेप्स म्हणतो. त्याच्या कलम ९ प्रमाणे बडतर्फी, सेवेतून काढणं, अन्य प्रकारे सेवा संपवणं किंवा पदावनती याविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. मुदत आहे आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. आदेश ३० एप्रिलला हातात पडला, म्हणजे ३० मेला मुदत भरली. हे पत्र सत्राच्या शेवटच्या दिवशी का दिलं जातं, याचा विचार करा. शिक्षक गावी जातो, घरात लग्नकार्य असतं, पदाधिकारीही सुट्टीवर असतात, आणि बघता बघता महिना संपतो. जूनमध्ये शाळेचं फाटक उघडतं तेव्हा कायद्याचं दार बंद व्हायला आलेलं असतं.

पूर्ण बंद होत नाही, एवढं नक्की. पुरेसं कारण दाखवलं तर मुदतीनंतरही अपील दाखल करून घेण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. त्यासाठी विलंब माफीचा अर्ज करावा लागतो आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाचा हिशेब द्यावा लागतो. "बोलणी चालू होती" हे कारण तिथे फार तोकडं पडतं, कारण बोलणी तोंडी असतात आणि संस्था ती सरळ नाकारते. न्यायालयांच्या उन्हाळी सुट्टीचा तुमच्या मुदतीवर काय परिणाम होतो, हेही वकिलालाच विचारा. स्वतः काही गृहीत धरू नका.

शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केली म्हणून मुदत थांबत नाही. आमदारांना निवेदन दिलं, उपोषणाचा इशारा दिला, वर्तमानपत्रात बातमी आली, तरी थांबत नाही. हे सगळं जरूर करा, पण अपील दाखल करून मग करा. अपील दाखल असताना बोलणी करायला कोणाची आडकाठी नसते. उलट, माझ्या अनुभवात अपिलाचा नंबर पडला की संस्थाचालक जास्त गांभीर्याने बोलतात.

आमच्या पदाधिकाऱ्यांनाही स्पष्ट सांगते. सभासदाला "थांबा" म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. तडजोड फिसकटली तर तुमचं पद शाबूत राहतं आणि त्या बाईंची नोकरी जाते. तुमच्या हातात खूप काही आहे. अशा खटल्यांची सवय असलेला वकील शोधून द्या, माहिती अधिकारात सेवाज्येष्ठता यादी आणि संचमान्यतेच्या (शाळेला मंजूर शिक्षकपदांच्या आदेशाच्या) प्रती काढून द्या, तारखेला सभासदासोबत जाऊन बसा. न्यायाधिकरणाच्या बाकावर एकट्या बसलेल्या शिक्षिकेचं आणि शेजारी दोन सहकारी असलेल्या शिक्षिकेचं बोलणंच वेगळं असतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एक सवय सगळ्यांनीच लावून घ्या. काही वर्षांपूर्वी विज्ञानाचे एक शिक्षक जुलैत माझ्याकडे आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या केलेलं पत्र. टपालाने आलं होतं, पण पाकीट त्यांनी फेकून दिलेलं. संस्था म्हणत होती, पत्र मेच्या पहिल्या आठवड्यात पोचलं. सर म्हणत होते, जूनच्या मध्यावर. पाकिटावरचा शिक्का हाच पुरावा होता आणि तो कचऱ्यात गेला होता. म्हणून पाकीट पत्रामागे स्टेपल करून ठेवा. पत्र हातात दिलं तर संस्थेच्या प्रतीवर सही करताना सहीखाली तारीख आणि वेळ घाला, आणि त्या प्रतीचा मोबाईलवर फोटो काढा. पत्र घ्यायला नकार देऊ नका; नकाराचा फायदा त्यांनाच होतो.

पत्र न देता नुसतं "उद्यापासून येऊ नका" म्हटलं तर? बरेच जण कागदाची वाट पाहत बसतात. तोंडी काढून टाकणं हेही सेवा संपवणंच आहे आणि त्याविरुद्धही अपील होतं. त्याच दिवशी संस्थेला लिहून पाठवा : अमुक तारखेला अमुक वाजता शाळेत आले, मस्टरवर सही करू दिली नाही. टपालाची पोच जपून ठेवा, आणि तिथून पुढचे दिवस मोजायला लागा.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना मेप्स लागू नाही. त्यांच्यासाठी १९६४ चे शिस्त व अपील नियम आहेत. आणि कोणी कामगार न्यायालयात जायला सांगत असेल, तर शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला कामगार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं आहे. चुकीच्या दारात घालवलेले महिने परत मिळत नाहीत.

प्रश्न : माझ्यावर विभागीय चौकशी लावली आहे. चौकशी समितीवर माझा प्रतिनिधी म्हणून संघटनेचे माजी जिल्हाध्यक्ष चालतील का? ते निवृत्त आहेत, पण कायदा त्यांना पाठ आहे.

नाही चालणार. मेप्स नियम ३६ प्रमाणे समितीत तिघे असतात : एक व्यवस्थापनाचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून निवडलेला, आणि एक तुम्ही सुचवलेला. तुमचा माणूस कोणत्याही खासगी शाळेचा कर्मचारी असावा लागतो. निवृत्त माणूस कर्मचारी नसतो. सरांचा सल्ला घ्या, पण नाव सेवेत असलेल्या जाणत्या सहकाऱ्याचं द्या. संघटनेकडे अशा सहकाऱ्यांची माहिती असते.

नाव कळवण्याचं पत्र मिळालं की १५ दिवसांत नाव आणि त्या व्यक्तीची लेखी संमती, दोन्ही पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर समिती दोघांचीच बनते आणि तुमच्या बाजूचं कोणीच राहत नाही. "समिती बेकायदा आहे, मी नाव देणारच नाही" असा बाणा काही जण दाखवतात. हरकत लेखी नोंदवा आणि नावही द्या. आरोपपत्राचं उत्तर एकट्याने लिहू नका. जाणकाराला दाखवूनच पाठवा.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर मेसेज आला आहे की संघटनेने याचिका टाकल्यामुळे जुन्या शिक्षकांना टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागणार नाही. खरं आहे का? माझी १४ वर्षं सेवा बाकी आहे, सहावी-सातवीला शिकवतो.

मेसेजवर नोकरी ठेवू नका. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. पाच वर्षांहून कमी सेवा राहिलेले सेवेत राहू शकतात, पण टीईटीशिवाय त्यांना पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला आहे. तुमची शाळा तशी असेल तर वेगळा सल्ला घ्या.

याचिका दाखल होणं वेगळं, स्थगिती मिळणं वेगळं. कोणी "स्थगिती मिळाली" म्हटलं तर आदेशाची प्रत मागा. प्रत दाखवता येत नसेल तर तो निरोप पुढे पाठवू नका. लढा संघटनेला लढू दे, तुम्ही परीक्षेचा अर्ज भरा. १५० पैकी ९० गुण खुल्या प्रवर्गाला लागतात, आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. संघटनेचा खरा उपयोग इथे आहे : तालुक्याला गणित आणि बालमानसशास्त्राचे रविवारचे वर्ग सुरू करा म्हणून मागणी लावून धरा. वीस वर्षं भाषा शिकवलेल्या माणसाला अपूर्णांकांची भीती वाटते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

प्रश्न : अधिवेशनात "शिक्षकांसाठी संघटनेची खास विमा योजना" म्हणून फॉर्म भरून घेतले. आता पगारातून मोठी रक्कम कापली जाते आहे. ही सक्तीची आहे का?

नाही. सभासदत्व आणि पॉलिसी यांचा काहीही संबंध नाही. मंडपात टेबल लावायची परवानगी मिळाली, लेटरहेडवर दोन ओळी मिळाल्या, की एजंट "संघटनेची योजना" म्हणून स्वतःचं उद्दिष्ट पूर्ण करून घेतात. अपघात विमा म्हणून सांगायचं आणि वीस वर्षं हप्ते भरायची बचत पॉलिसी गळ्यात मारायची, हा प्रकार मी कितीतरी सभासदांच्या पगारपत्रकात पाहिला आहे. मला याचा मनापासून राग येतो, कारण शिक्षक फॉर्मवर सही करतो ती संघटनेवरच्या विश्वासाने.

पॉलिसीचा कागद हातात घ्या. विमा कंपनीचं नाव, मुदत, वारसाचं नाव आणि दर वर्षीचा हप्ता पाहा. पॉलिसी मिळून ३० दिवस झाले नसतील तर ती परत करता येते. त्यासाठी कंपनीला लेखी कळवा, एजंटला फोन करून भागत नाही. मुदत उलटून गेली असेल तर बंद करण्याआधी नुकसानीचा आकडा कंपनीकडून लेखी घ्या आणि पॉलिसी न विकणाऱ्या जाणकाराला दाखवा. संघटनेची खरीखुरी सामूहिक अपघात विमा योजना असेल, तर मूळ पॉलिसीची प्रत आणि या वर्षीचा हप्ता भरल्याची पावती सभासदाने मागितली की मिळालीच पाहिजे.

प्रश्न : शिक्षक पतसंस्थेच्या कर्जाला मी सहकाऱ्याचा जामीनदार आहे. त्याने हप्ते थांबवले, आता माझ्या पगारातून कापणार म्हणतात. संघटना हे थांबवू शकते का?

नाही. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालते. दोन्हीकडे तीच माणसं दिसली तरी ती संघटना नव्हे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. वसुलीचा दाखला निघण्याआधी पतसंस्थेकडून खातेउतारा घ्या आणि वकिलाला भेटा. जाता जाता एक : बँकेतल्या ठेवींना असलेलं ५ लाखांचं विमासंरक्षण पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. निवृत्तीची सगळी पुंजी तिथे ठेवण्याआधी हे लक्षात असू द्या.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आहे. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात नाव नोंदवू शकते का?

नाही. माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं.

प्रश्न : इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेत ११ वर्षं झाली. शाळा म्हणते, ग्रॅच्युइटी फक्त अनुदानित शिक्षकांना. आम्हाला संघटनेत घेतात का?

घेतात, तुमच्या भागातल्या संघटनेकडे विचारा. शाळेचं म्हणणं चूक आहे. खासगी शाळांतल्या शिक्षकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क २००९ च्या दुरुस्तीने ३ एप्रिल १९९७ पासून मान्य झाला, आणि ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये वैध ठरवली. साधारण हिशेब सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन असा आहे. नेमणूकपत्र, बँकेतल्या पगाराच्या नोंदी आणि शाळेचं ओळखपत्र जपा. दर दोन वर्षांनी नवं नेमणूकपत्र देऊन मध्ये खंड दाखवला असेल तर तो मुद्दा गुंतागुंतीचा आहे; कागद घेऊन प्रत्यक्ष भेटा.

प्रश्न : मी शिक्षणसेवक आहे, म्हणजे मानधनावर, परिवीक्षेत (प्रोबेशनवर). रुजू होताना संस्थेने तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही घेतली. आता भीती वाटते.

भीती वाटणं स्वाभाविक आहे, तुमच्यासारख्या अनेकांनी अशी सही दिली आहे. कायद्यात राजीनाम्याची रीत ठरलेली आहे, कलम ७ पाहा : दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, त्यांतली एक व्यवस्थापनाला नोंदणीकृत टपालाने. कपाटात ठेवलेला बिनतारखेचा कागद या रीतीत बसत नाही. पण तो उद्या बाहेर आलाच तर "मी राजीनामा दिला नाही" हे सांगायला तुमच्याकडे आजची तारीख असलेलं काहीतरी हवं.

संस्थेला थेट पत्र पाठवण्याची घाई करू नका. काम समाधानकारक नाही असं सांगून परिवीक्षेतल्या माणसाला महिन्याच्या नोटिशीवर काढता येतं, म्हणून आधी वकिलाशी बोला. तोवर घडलेला प्रकार एका पानावर लिहा : कोणत्या दिवशी, कुठल्या खोलीत, कोणासमोर, किती कागदांवर सह्या घेतल्या. खाली तारीख घाला आणि ते पान आज रात्रीच स्वतःच्या आणि संघटनेच्या जिल्हा कार्यालयाच्या ईमेलवर पाठवून ठेवा. सोबत नेमणुकीला सह्या केलेले आणखी कोणी असतील तर त्यांनाही हेच करायला सांगा, आणि येत्या शनिवारी सगळे मिळून भेटायला या.