यकृताच्या धमनीतून केमो : पंपाला होकार देण्याआधी

ताई, तुमच्या यजमानांचा मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला आहे, स्कॅनमध्ये इतरत्र काही दिसत नाही, आणि न्यू जर्सीतल्या सर्जननी यकृताच्या धमनीत थेट औषध सोडणारा पंप पोटाच्या त्वचेखाली बसवण्याचे सुचवले आहे. हा शेवटचा उपाय म्हणून सांगत आहेत का, आणि एवढी शस्त्रक्रिया करून घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या पत्नीला हाच पंप बसवला होता. मी डॉक्टर नाही, पण त्या काळात जे वाचले, विचारले आणि जवळून पाहिले ते नीट मांडण्याचा प्रयत्न करतो.

सर्व उपाय थकले म्हणून पंप सुचवतात, हा समज प्रथम मनातून काढून टाका. रोग यकृताबाहेर फारसा गेलेला नसतानाच या उपचाराचा खरा उपयोग असतो, त्यामुळे तो सुचवला जाणे हे वाईट लक्षण मुळीच नाही. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते आणि उरलेले यकृताच्या धमनीतून; मात्र आतड्यातून येऊन यकृतात रुजलेल्या गाठी थोड्या वाढल्या की मुख्यतः धमनीच्याच रक्तावर पोसल्या जातात. त्यामुळे धमनीत सोडलेले औषध गाठींपर्यंत भरपूर पोहोचते आणि निरोगी पेशींना त्या मानाने कमी झळ लागते. यासाठी वापरतात ते फ्लॉक्सयुरिडिन हे औषध पहिल्याच फेरीत ९० टक्क्यांहून अधिक प्रमाणात यकृतातच शोषले जाते. बाकीच्या शरीरात ते फार थोडे उतरत असल्याने केस गळणे, तोंड येणे असे त्रास या औषधामुळे सहसा होत नाहीत. पण त्याच कारणाने ते यकृताबाहेर दडलेल्या पेशींवर काम करत नाही, म्हणून शिरेतून दिली जाणारी नेहमीची केमो सोबत चालू ठेवतात. पंप बसला म्हणजे ती केमो सुटली, असे धरून चालू नका.

पंप आकाराने साधारण तळहातात मावेल अशा जाड चकतीएवढा असतो. मिनेसोटा विद्यापीठात हेन्री बुकवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा शरीरात बसवायचा पंप प्रथम तयार केला. त्याला बॅटरी नसते. आतला वायू शरीराच्या उष्णतेने प्रसरण पावतो आणि औषधाच्या कप्प्यावर दाब देत राहतो. शस्त्रक्रियेत पित्ताशयही काढतात, कारण या औषधाने त्याला सूज येते. जठर आणि लहान आतड्याकडे जाणाऱ्या बारीक धमन्या बांधून टाकतात, नाहीतर औषध तिकडे वळून अल्सर होऊ शकतो. तसे होत नाही ना, हे औषध सुरू करण्यापूर्वी एका न्यूक्लिअर स्कॅनने तपासतात.

पुराव्याबद्दल. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात डॉ. नॅन्सी केमेनी यांनी या उपचारावर आयुष्यभर काम केले. यकृतातल्या गाठी काढून टाकलेल्या १५६ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पंपासह केमो घेतलेल्यांपैकी ८६ टक्के आणि फक्त नेहमीची केमो घेतलेल्यांपैकी ७२ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. पुढील पाठपुराव्यात रोग पुन्हा वाढण्याचा काळ स्पष्टपणे लांबला, पण एकूण आयुर्मानातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेसा ठरला नाही. शिवाय तेव्हाची केमो आजच्यापेक्षा जुनी होती. त्याच संस्थेच्या २०१५ च्या एका छोट्या अभ्यासात, ज्यांच्या गाठी सुरुवातीला काढता येण्यासारख्या नव्हत्या अशा ४९ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या गाठी पंप आणि केमोनंतर आक्रसून शस्त्रक्रिया शक्य झाली. मला स्वतःला हा आकडा सर्वांत आशादायक वाटतो, कारण तुमच्या यजमानांची स्थिती तशीच दिसते. मात्र तो एकाच अनुभवी केंद्रातला आहे, हे विसरू नये.

आता ज्यावर सर्वांत अधिक लक्ष द्यायचे ती गोष्ट, पित्तनलिका. गाठींप्रमाणेच पित्तनलिकांनाही रक्त धमनीतूनच मिळते, म्हणून औषधाचा मार त्यांच्यावरही पडतो. त्या आतून जाड होऊन आकुंचन पावल्या तर कावीळ होते आणि ती हानी पूर्ण भरून येईलच असे नाही. ही हानी कमी व्हावी म्हणून औषधात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिसळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक वेळी अल्कलाइन फॉस्फेटेज, एसजीओटी आणि बिलिरुबिन या यकृताच्या रक्तचाचण्या पाहूनच मात्रा ठरवतात. आकडे ठरावीक पटीने वाढले की मात्रा निम्मी करतात किंवा थांबवतात. पत्नीच्या उपचारात एकदा बिलिरुबिन अजून मर्यादेत असताना केवळ अल्कलाइन फॉस्फेटेज वाढले म्हणून औषध थांबवून पंपात नुसते हेपॅरिनचे (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे) सलाइन भरले. आम्हाला तेव्हा उपचार वाया जातो आहे असे वाटून फार काळजी वाटली, पण ते थांबणेच योग्य होते. वर सांगितलेल्या २०१५ च्या अभ्यासात बेव्हॅसिझुमॅब (गाठींना नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारे औषध) सोबत दिल्यावर पित्तनलिकांचा त्रास वाढला आणि ते औषध पुढे वगळण्यात आले. तुमच्या यजमानांच्या केमोत ते असेल तर याबद्दल अवश्य विचारा.

दर दोन आठवड्यांनी पंप भरावा लागतो. परिचारिका त्वचेखालची कडा बोटांनी चाचपते, मधोमध विशेष सुई घालते आणि आधी आत उरलेला द्रव बाहेर काढून मोजते. त्यावरून पंप किती वेगाने वाहतो आहे ते कळते आणि पुढची मात्रा बेतता येते. दोन आठवडे औषध, दोन आठवडे हेपॅरिनचे सलाइन, असा क्रम असतो. पंप रिकामा पडला तर नळीत रक्ताची गुठळी होऊन ती कायमची बंद पडू शकते, त्यामुळे ही तारीख चुकवता येत नाही. ताप, गरम पाण्याचे टब आणि विमानातला कमी दाब यांनी प्रवाहाचा वेग वाढतो, म्हणून भारतात जाण्याचा विचार असेल तर तिकीट काढण्याआधी सांगा. अशा प्रवासाच्या काळात पंपात औषधाऐवजी दुसरा द्रव भरून ठेवतात.

माझे मत विचाराल तर, जिथे हे पंप नियमितपणे बसवले जातात आणि दर पंधरवड्याला तोच चमू ते भरतो, अशा ठिकाणीच होकार द्यावा. घरापासून लांब असले तरी. शस्त्रक्रिया एकाने करायची आणि मात्रा दुसऱ्या, या औषधाची सवय नसलेल्या दवाखान्यात ठरायची, ही व्यवस्था मला धोक्याची वाटते. पुढच्या भेटीत वर्षाला किती पंप बसवता, मात्रा कोण ठरवते आणि रात्री थंडी वाजून ताप आला तर फोन कोण उचलते, हे सरळ विचारा. धमन्यांचा सीटी अँजिओग्राम झाला आहे का तेही पाहा. अनेकांच्या यकृताच्या धमन्यांची ठेवण वेगळी असते, आणि पोर्टल शीर गुठळीने बंद असेल तर सहसा पंप बसवत नाहीत. आजचे यकृताचे सर्व रक्तअहवाल घरी जपून ठेवा, कारण पुढचा प्रत्येक आकडा त्यांच्याशीच ताडून पाहिला जाईल.