जुन्या चेनसॉचं इंजिन मॉडिफाय करून ताकद वाढते का?

तुमच्याकडे नव्वदच्या दशकातली श्टिल (Stihl) कंपनीची ०४४ चेनसॉ आहे आणि पोर्टिंग (सिलिंडरच्या भिंतीतली हवा-धुराची भोकं, म्हणजे पोर्ट, घासून बदलणं) करावं का, असं तुम्ही विचारलंय. ताकद वाढते, हातात घेतल्यावर जाणवेल इतकी वाढते. ७०.७ सीसीचं हे इंजिन मुळातच दमदार आहे. पुढे एमएस ४४० नावाने आलं तेही हेच. पण पोर्टिंग सगळ्यात शेवटी.

आधी इंजिन कुठून हवा खेचतंय का ते बघा. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी बूट वयाने कडक होतो, त्याला बारीक चिरा पडतात. तो ताणून नीट पाहा. क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांची रबरी सीलसुद्धा प्रेशर आणि व्हॅक्यूम लावून तपासून घ्या. हवा घुसली की मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूने ओरखडे पडतात. अशा इंजिनाची ताकद वाढवली तर ते लवकरच सीझ होईल.

मग सायलेन्सर. कमी खर्चात सर्वांत जास्त फायदा इथेच आहे. बाहेर पडायचं तोंड थोडं मोठं करा, ठिणग्या अडवणारी जाळी मात्र काढू नका, वाळलेल्या रानात ती हवीच. तोंड मोठं केल्यावर कार्बोरेटरचा 'एच' स्क्रू (जास्त वेगाला पेट्रोल ठरवणारा) थोडा उघडून पेट्रोल वाढवावंच लागतं. फुल थ्रॉटलला मोकळी फिरताना आवाज जरा फाटका, भरभर यायला हवा, आणि पट्टी लाकडात शिरली की लगेच साफ व्हायला हवा. मोकळ्यातही किंचाळत असेल तर ताबडतोब बंद करा.

नंतर स्क्विश, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना त्याच्या आणि सिलिंडरच्या माथ्यामध्ये कडेला उरणारी फट. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार पिस्टन पिनच्या रेषेत, सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत घाला, इंजिन हाताने फिरवा आणि चपटलेलं टोक मोजा. सिलिंडरखालचं पॅकिंग काढून साधारण ०.५ मिमी उरत असेल तर काढा, त्याहून कमी उरत असेल तर राहू द्या. सिलिंडर खाली बसल्याने कॉम्प्रेशन वाढतं, एक्झॉस्ट पोर्ट उशिरा उघडतो, म्हणजे लोडवर ओढ वाढते.

आरएक्स १०० चं पोर्टिंग करणारा मेकॅनिक एक्झॉस्ट पोर्टची वरची कड वर उचलून आरपीएम मिळवतो. चेनसॉला ओढ लागते, म्हणून त्याला हे आधीच सांगा. पोर्ट रुंद करायचा तो रिंगची टोकं पोर्टात अडकणार नाहीत इतकाच, आणि कडांना हलका चॅम्फर (तिरका उतार) द्यायलाच हवा, नाहीतर सिलिंडरच्या आतलं प्लेटिंग उडतं.