रजिस्ट्रेशन, नॉरसेट आणि पहिली ड्यूटी

अगं, नर्सिंगचा निकाल लागला की आधी भोपाळच्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कर. त्याशिवाय इंदुरातलं कुठलंही धड हॉस्पिटल दारात उभं करणार नाही.

एम्सच्या नॉरसेटमध्ये, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेत, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, तेव्हा अंदाजपंचे खुणा नकोत. ड्रिपची गणितं मात्र रोज हाताने सोडव: ५०० मिली, ४ तास, २० थेंबांचा सेट (१ मिलीला २० थेंब), म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. मायक्रोड्रिपला (१ मिलीला ६० थेंब) तासाचे मिली तेच मिनिटाचे थेंब. फुकटचे गुण आहेत हे!

आयसीयू मिळत असेल तर पगार थोडा कमी चालेल (आईला मी समजावते). मुलाखतीला क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधांची नि साहित्याची ट्रॉली) तोंडपाठ हवं, बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट) सर्टिफिकेट सोबत. आणि ओरिजिनल मार्कशीट कुणाकडे जमा करू नकोस, मॅट्रन कितीही गोड बोलली तरी.