मोझरेला: किलोचा भाव की पिझ्झाचा भाव?

घरच्या पिझ्झाविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: बेस, सॉस, भाज्या सगळं जमतं, पण चीज परवडत नाही. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून किसलेलं ‘पिझ्झा टॉपिंग’ आणलं. नेहमीच्या मोझरेलापेक्षा जवळजवळ निम्म्या भावात मिळालं. ते वितळलं, पण तार सुटली नाही, आणि पिझ्झा गार झाल्यावर वातड झालं. हे खरं मोझरेला होतं का? (पुणे)

बहुधा नव्हतं. पाकिटाच्या पुढच्या बाजूवरचा फोटो सोडून द्या आणि मागची घटकांची यादी वाचा. खऱ्या मोझरेलाची यादी तोकडी असते: दूध, मीठ, विरजणाचे जिवाणू म्हणजे कल्चर, दूध साकळवणारं रेनेट, आणि कधी सायट्रिक आम्ल. किसलेलं चीज एकमेकांना चिकटू नये म्हणून त्यात थोडं सेल्युलोज (क्रमांक ४६०) किंवा स्टार्च घातलेलं असतं, तेही चालतं. पण पाम तेल किंवा ‘खाद्य वनस्पती तेल’ दिसलं, की ते चीज नाही, चीजसारखा दिसणारा अ‍ॅनालॉग आहे. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे पाणी, तेल आणि स्टार्च सुरुवातीलाच आले तर आपण पैसे कशाचे मोजतो ते लगेच कळतं. ‘पिझ्झा चीज’ एवढ्याच शब्दांवरून मात्र काही ठरवू नका. त्या नावाने दुधापासून बनवलेलं खरं चीजही विकलं जातं.

तार का सुटत नाही, तेही समजून घ्या. मोझरेला करताना दुधाचा साका, म्हणजे साकळून घट्ट झालेलं दूध, ठरावीक आंबटपणापर्यंत येऊ देतात. त्यामुळे त्यातलं थोडं कॅल्शियम निघून जातं. मग तो गरम पाण्यात मळून ओढतात, पुन्हा मळतात. या ओढण्यात दुधातलं केसीन हे प्रथिन लांब तंतूंच्या रूपात एका दिशेला लागतं. चांगल्या ब्लॉकचा तुकडा हाताने फाडून पाहा, बऱ्याचदा आत या रेषा दिसतात. पिझ्झावर ताणली जाते ती हीच वीण. अ‍ॅनालॉगमध्ये तेलाने वितळल्यासारखं दिसतं आणि स्टार्चने घट्टपणा येतो, पण केसीन कमी पडतं किंवा त्याची अशी वीण नसते. म्हणून तार आलीच तर तोकडी येते आणि लगेच तुटते.

शंका असेल तर नॉनस्टिक तव्यावर २० ग्रॅम चीज अगदी मंद आचेवर झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वितळवा आणि काट्याने उचला. खऱ्या मोझरेलाची वीतभर तरी तार सहज येते आणि कडेला थोडं तूपकट तेल सुटतं. स्टार्च तपासायचं असेल तर ब्लॉकच्या आतला लहान तुकडा पाण्यात उकळा, पूर्ण गार करा आणि टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळाकाळा रंग आला तर स्टार्च आहे. तो तुकडा नंतर टाकून द्या. किसलेल्या चीजवर ही परीक्षा करू नका, कारण वरून भुरभुरलेल्या स्टार्चनेही रंग येईल. आणि पामतेल या परीक्षेत कळत नाही, त्यासाठी यादीच वाचायला हवी. यादीच नसलेल्या साध्या पिशवीतलं सुटं चीज कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

ब्लॉक घ्यावा की किसलेलं? आणि एक किलो आणलं तर संपेपर्यंत टिकेल का? (नाशिक)

ब्लॉक घ्या. अमूल, गो, ब्रिटानिया, मिल्की मिस्ट अशा कंपन्यांचं मोझरेला आता तालुक्याच्या गावीही मिळतं. तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या भावाने करा. समजा, २०० ग्रॅमचा ब्लॉक १२० रुपयांना आणि एक किलोचा ५०० रुपयांना आहे. म्हणजे १०० ग्रॅमला एकीकडे ६० आणि दुसरीकडे ५० रुपये. ८ इंची पिझ्झाला ७५ ग्रॅम धरलं तर चीजचा खर्च ४५ ऐवजी साडेसदतीस रुपये होतो, आणि एका किलोत तेरा पिझ्झे निघतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चीजवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, हेही भाव विचारताना लक्षात असू द्या.

खरी बचत वजनकाट्यावर होते. मुठीने टाकलेलं चीज हमखास जास्त पडतं. ८ इंची बेसला ७० ते ८० ग्रॅम, १० इंचीला ११० ते १२०, १२ इंचीला साधारण १७० ग्रॅम पुरे. १२ इंची बेस ८ इंचीच्या दीडपट दिसतो, पण त्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पट असतं, म्हणून अंदाज चुकतो.

किलोचा ब्लॉक आणल्याच दिवशी किसा. अख्खा ब्लॉक गोठवला तर आतल्या पाण्याचे स्फटिक प्रथिनांची वीण तोडतात आणि नंतर किसताना त्याचा भुगा होतो. किसण्याआधी ब्लॉक २० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, किसणीला चिकटणार नाही. कीस ताटात पसरून तासभर गोठवा, मग ७५-७५ ग्रॅमच्या पिशव्या भरून हवा काढून बंद करा. दोन महिने सहज टिकतं. लागेल तेव्हा एकच पिशवी काढा, ती फ्रीजच्या खालच्या खणात सावकाश नरम होऊ द्या आणि पुन्हा गोठवू नका. याच कारणासाठी, ज्या पाकिटात कीस दगडासारखा एकगठ्ठा झालाय आणि आत बर्फ दिसतोय, ते दुकानातच ठेवा. ते एकदा वितळून परत गोठलेलं असतं.

चांगलं चीज आणूनही ओटीजीमध्ये (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) ते कोरडं आणि तेलकट होतं, आणि खाली बेस मात्र ओला राहतो. (ठाणे)

चीज फार लवकर घातलं जातंय. घरच्या ओटीजीला पिझ्झा भाजायला १२ ते १५ मिनिटं लागतात. तेवढा वेळ चीज वर राहिलं की त्यातलं पाणी उडतं, तेल सुटतं आणि उरलेलं प्रथिन आक्रसून चामट होतं. ओटीजी २३० ते २५० अंशांवर २० मिनिटं तापवा. घरी लाटलेला कच्चा बेस असेल तर तो सॉस लावून ६-७ मिनिटं भाजा, मग भाज्या आणि चीज घालून आणखी ५-६ मिनिटं. विकतचा बेस आधीच भाजलेला असतो, त्याला एकूण ७-८ मिनिटं पुरतात.

ओलावा भाज्यांतून येतो. ढोबळी मिरची, कांदा, मशरूम मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता, टोमॅटोच्या बिया काढा, सॉस चमच्यावरून ओघळणार नाही इतका आटवा. तव्यावर करत असाल तर चीज शेवटच्या ४-५ मिनिटांत घाला आणि झाकणाला आतून पंचा बांधा, म्हणजे वाफेचं पाणी वर ठिबकणार नाही.

दूध आणि व्हिनेगर वापरून घरीच मोझरेला केलं तर स्वस्त पडेल? (कोल्हापूर)

नाही. दोन लिटर दुधाचं २०० ते २२० ग्रॅम चीज होतं. दूध लिटरला ६० ते ७० रुपये धरलं तर तेवढ्यात ब्लॉकच येतो, शिवाय गॅस आणि दीड तास वेगळा. हौसेने करायचं असेल तर जरूर करा, पण टेट्रापॅकमधलं जास्त तापमानाला तापवलेलं दूध घेऊ नका, त्याचा साका ओढताना तुटतो. दूध ४५-५० अंशांच्या वर गेलं आणि मग व्हिनेगर पडलं, तर मोझरेलाऐवजी पनीर हाती येतं.

पाण्यात ठेवलेले ताज्या मोझरेलाचे पांढरे गोळे जास्त चांगले का? (पणजी)

टोमॅटो-मोझरेलाच्या कॅप्रेझेसारख्या सॅलडसाठी उत्तम. नेपल्सच्या भट्टीत ४५० अंशांच्या आसपास पिझ्झा दीड मिनिटात होतो, तिथे त्यांचं पाणी खपून जातं. ओटीजीत तेच पाणी बेसवर साचतं. वापरायचेच असतील तर तुकडे करून चाळणीत, फ्रीजमध्ये, रात्रभर निथळत ठेवा.

मोझरेलात साधे चीज क्यूब किसून घातले तर? (छत्रपती संभाजीनगर)

घाला, पण चार भाग मोझरेलाला एक भाग. क्यूबमध्ये तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे इमल्सिफायर क्षार असतात, ते कॅल्शियम बांधून ठेवतात. त्यामुळे ते मऊ वितळतं, पण ताणलं जात नाही. एवढ्या प्रमाणात तार टिकते आणि खारट, आंबूस चव वाढते. मग सॉसमधलं मीठ कमी करा.